जेली मोठ्यांच्या पानात शोभते का? शोभते, फक्त जिलेटिन कमी घाला

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढचं वाचणाऱ्यांनाही कळेल. आईचा साठावा वाढदिवस आहे, तीस माणसं जेवायला आहेत. आईला जेली जिवापाड आवडते, म्हणून गोड पदार्थ तोच ठेवायचं तुमच्या मनात आहे. घरचे म्हणतात, "ही काय लहान पोरांची पार्टी आहे?" तुम्ही दोनदा करून पाहिली. पहिल्यांदा ताज्या अननसाची केली, ती रात्रभर फ्रिजमध्ये राहूनही पाण्यासारखीच राहिली. दुसऱ्यांदा घाबरून संत्र्याच्या रसात जिलेटिन दुप्पट घातलं, तर चमचा टेकवला की परत उसळायला लागला. पाहुण्यांत सहा-सात जण शाकाहारी आहेत. आणि तुम्ही विचारताय की जेली "भारदस्त दिसावी" म्हणून वर काय सजावट करावी.

मी 23 वर्षं हॉटेलांच्या स्वयंपाकघरात गोड पदार्थांच्या विभागात काम करतोय. माझं मत स्पष्ट सांगतो: सजावटीचा इथे काही संबंध नाही. घरच्यांना जेली पोरकट वाटते, कारण त्यांनी आजवर खाल्लेली जेली रबरासारखी घट्ट, नुसती गोड आणि चवीपेक्षा रंगानेच ओळखू येणारी होती. तुमची दुसरी जेली नेमकी तशीच झाली. तिच्यावर क्रीमचे डोंगर रचले तरी खाली रबरच राहणार. म्हणून खरा प्रश्न असा आहे की जेली किती घट्ट असावी. त्याचं उत्तर मिळालं की निम्म्याहून जास्त काम झालं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या तुम्हालाच ठरवायच्या आहेत. जेवायची खोली किती गरम असेल, जेली ग्लासात देणार की साच्यातून काढून, आणि हातातलं जिलेटिन कोणत्या ताकदीचं आहे. मी खाली आकडे देतोय, पण आदल्या आठवड्यात एक वाटीभर करून बघितल्याशिवाय ते अंतिम धरू नका.

आता घट्टपणाचं बघू. जिलेटिन म्हणजे जनावरांच्या कातडीतलं आणि हाडांतलं कोलॅजन शिजवून काढलेलं प्रथिन. कोलॅजनमध्ये तीन धागे एकमेकांत पिळलेले असतात. उष्णतेने पीळ सुटतो. थंड झाल्यावर धागे जागोजागी पुन्हा पिळतात आणि एक जाळं तयार होतं, त्यात शंभरातले अठ्ठ्याण्णव भाग रस अडकून बसतो. मजा अशी की हे जाळं साधारण 35 अंशांच्या आसपास पुन्हा सुटतं, आणि आपल्या तोंडाचं तापमान त्याहून जरा वर असतं. जेली जिभेवर विरघळते ती यामुळे. जमवणारे दुसरे बहुतेक पदार्थ हे करू शकत नाहीत. तीस माणसं एकाच वेळी गप्प बसून चमचा तोंडात फिरवतात, ती या दोन-तीन अंशांची किमया.

नव्या मुलांना मी पहिल्याच आठवड्यात एक खेळ खेळायला लावतो. संत्र्याचा एकच रस, साखर मोजून एकसारखी, आणि तीन वाट्या. एकीत जिलेटिन एक टक्का, दुसरीत पावणेदोन, तिसरीत तीन. दुसऱ्या दिवशी चव घ्यायला सांगतो. दरवेळी मुलं छातीठोकपणे सांगतात की पहिल्या वाटीत साखर जास्त आहे आणि रसही ताजा आहे. मी वजनाची वही दाखवली तरी दोघे-तिघे तरी मान हलवत राहतात. कारण साधं आहे: जाळं जितकं घट्ट, तितका रस उशिरा सुटतो, आणि तो सुटायच्या आत घास गिळून होतो. म्हणजे दुप्पट जिलेटिन घालून तुम्ही जेली नुसती कडक केली नाहीत, तिची चवही कोंडून टाकलीत.

माझं प्रमाण असं. ग्लासातच खायची असेल तर एक लिटर मिश्रणाला 10 ग्रॅम पूड. साच्यातून काढून ताटलीवर उभी करायची असेल तर 17 ग्रॅम. त्यापुढे मी जात नाही. पाकिटावर 'ब्लूम' असा आकडा असेल तर तो ताकदीचा आकडा. ऑस्कर ब्लूम नावाच्या माणसाने 1925 साली जेलीचा ताठपणा मोजणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं, तेव्हापासून ते नाव चिकटलंय. माझं प्रमाण साधारण 220 ब्लूमच्या पुडीचं आहे. कमी ताकदीची असेल तर थोडी वाढवा. पातळ पानांच्या रूपातलं जिलेटिन मिळालं तर ग्रॅम न मोजता पानं मोजा. कमी ताकदीची पानं वजनाला जड केलेली असतात, त्यामुळे एका पानाचा जोर जवळपास सारखाच पडतो.

अननसाकडे येतो. तुमचं काहीच चुकलं नव्हतं. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं पाचक द्रव्य असतं, ते प्रथिनं तोडतं. जिलेटिन हे प्रथिनच, त्यामुळे धागे जुळायच्या आत कापले जातात. अशा वेळी जिलेटिन चौपट घातलं तरी उपयोग नाही, फ्रिजमध्ये आठवडाभर ठेवलं तरी नाही. पपई, किवी आणि अंजीर यांचंही तेच. डब्यातला अननस मात्र बिनधास्त वापरा, तो डबाबंद करताना तापवलेला असतो. ताजाच हवा असेल तर फोडी आणि रस चार-पाच मिनिटं नीट उकळा, गार करा आणि मग जिलेटिन घाला.

या यादीत आलंही आहे, आणि ते मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका मोठ्या जेवणासाठी मी ऐंशी ग्लास आलं-लिंबाची जेली लावली होती. ताज्या आल्याचा रस शेवटी कच्चाच घातला, चव तरतरीत राहावी म्हणून. सकाळी ट्रे बाहेर काढला तर ऐंशीच्या ऐंशी ग्लासांत सरबत हिंदकळत होतं. मुख्य शेफने एक ग्लास उचलला, तिरका केला, परत ठेवला आणि बर्फ फोडायला सांगितला. त्या रात्री पाहुण्यांनी "आलं-लिंबाचं थंड पेय" फार वाखाणलं. मी मात्र तेव्हापासून कुठल्याही नव्या फळाची आधी परीक्षा घेतो: जमलेल्या जेलीच्या तुकड्यावर फळाची कच्ची फोड ठेवायची आणि अर्ध्या तासाने उचलून बघायचं. खाली खळगा पडला असेल तर ते फळ आधी उकळायचं.

आता घरच्यांच्या टोमण्याबद्दल. इथे मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण जेलीचा हा अपमान मला मनापासून खुपतो.

युरोपात कित्येक शतकं जेली ही फक्त श्रीमंतांच्या मेजवानीची गोष्ट होती, कारण ती करायला माणसं लागायची. वासराचे पाय तासन् तास उकळायचे, वरची चरबी काढायची, अंड्याच्या पांढऱ्याने गढूळपणा ओढून घ्यायचा, मग फ्लॅनेलच्या पिशवीतून थेंब थेंब गाळायचं. पिशवी दाबायची नाही, दाबली की रस पुन्हा गढूळ. नाहीतर हरणाच्या शिंगाचा कीस किंवा माशाच्या पोटातली हवेची पिशवी वापरायची. आणि एवढं करून ती जमायला थंडी हवी, म्हणजे घरात बर्फ साठवायची सोय हवी. काचेसारखी पारदर्शक जेली टेबलावर आली की यजमानाचं स्वयंपाकघर केवढं आहे ते न सांगता कळायचं. प्रेशर कुकरचा मूळपुरुष म्हणजे देनी पापँ. त्याने आपल्या बंद भांड्यात हाडं शिजवून जेली काढली होती, आणि 1682 साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या सभासदांना त्या भांड्यात शिजवलेलं जेवण घातलं होतं. पुढे व्हिक्टोरियन काळात तांब्याचे साचे तर शिल्पासारखे झाले. 1863 मध्ये इंग्लंडच्या युवराजाचं डेन्मार्कच्या अलेक्झांड्राशी लग्न झालं, तेव्हा असा एक साचा निघाला की जेली कापली की प्रत्येक कापात डेन्मार्कच्या झेंड्यावरचा क्रॉस दिसे.

मग हे वैभव पुडीत आलं. अमेरिकेत पीटर कूपर या उद्योजकाने 1845 मध्येच जेलीच्या पुडीचं पेटंट घेतलं होतं, पण त्याला त्यातून फारसं काही करता आलं नाही. 1897 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ले रॉय या छोट्या गावी पर्ल वेट नावाचा माणूस होता. धंद्याने सुतार, जोडीला खोकल्याचं औषध वगैरे विकायचा. त्याने पुडीत साखर आणि फळांचे स्वाद मिसळले. स्ट्रॉबेरी, रास्पबेरी, संत्रं आणि लिंबू. त्याच्या बायकोने, मे वेटने, नाव ठेवलं 'जेल-ओ'. विकायचं कसं हे त्याला जमेना, म्हणून दोन वर्षांनी गावातल्याच ऑरेटर वुडवर्डला सगळे हक्क 450 डॉलरला देऊन टाकले. वुडवर्डचीही सुरुवातीला रड होती. मग 1902 मध्ये त्याने बायकांच्या एका मोठ्या मासिकात जाहिरात दिली आणि जेल-ओला 'अमेरिकेचा सर्वांत प्रसिद्ध गोड पदार्थ' म्हणून टाकलं, तो तसा व्हायच्या आधीच! चार वर्षांत विक्री दहा लाख डॉलरच्या घरात गेली. आज ले रॉयमध्ये जेल-ओचं संग्रहालय आहे.

पुढे घरोघरी फ्रिज आला आणि अमेरिकन बायकांनी जेलीत काय घालायचं बाकी ठेवलं नाही. कोबी, सेलरी, ऑलिव्ह, ट्यूना मासा. जेलीच्या कड्यात बसवलेलं सॅलड पाहुण्यांपुढे येणं म्हणजे घर नीटनेटकं असल्याची खूण. 1960 च्या दशकात तर सेलरीच्या आणि टोमॅटोच्या चवीचं जेल-ओ बाजारात होतं. यातलं बरंचसं मला खायला नको वाटेल, पण हसायलाही नको वाटतं. उरलंसुरलं एका स्वस्त पुडीच्या मदतीने मेजवानीसारखं मांडायचं, हे घर चालवणाऱ्या माणसाचं कसबच आहे. युटा राज्याच्या विधिमंडळाने 2001 मध्ये जेल-ओला राज्याचा अधिकृत खाऊ म्हणून मान दिला, आणि पुढच्या वर्षी सॉल्ट लेक सिटीत हिवाळी ऑलिम्पिक भरलं तेव्हा हिरव्या जेल-ओचा बिल्ला लोकांनी हौसेने जमवला. मेक्सिकोत रंगीत चौकोन दुधाच्या जेलीत बसवलेली 'मोझाइक' जेली वाढदिवसाला केकच्या बरोबरीने मिरवते. तिथले कारागीर पारदर्शक जेलीच्या पोटात सुईने रंगीत दूध सोडून आख्खं फूल उमलवतात. हे काम जवळून बघितलंय. सुई मागे ओढताना हात किंचित हलला की पाकळी फाटते, आणि ती परत शिवता येत नाही.

थोडक्यात, पुडीने जेलीमागची मेहनत अदृश्य केली आणि मेहनत दिसेनाशी झाली की मानही गेला. रुग्णालयातली वाटी आणि मुलांच्या पार्टीचा कप एवढंच नशिबी उरलं. घरच्यांना हे सगळं ऐकवायची गरज नाही. पण तुमच्या मनातला संकोच गेला तरी बास.

शाकाहारी पाहुण्यांसाठी अगार, म्हणजे चायना ग्रास. हे समुद्री शेवाळातून काढतात. त्याचा स्वभाव जिलेटिनच्या उलटा आहे. नुसतं गरम पाण्यात विरघळत नाही, खळखळून दोन-तीन मिनिटं उकळावं लागतं. जमतं मात्र 35-40 अंशांनाच, फ्रिजबाहेरसुद्धा. आणि एकदा जमलं की 85 अंशांपर्यंत वितळत नाही. या गुणामुळेच ते प्रयोगशाळेत पोचलं. जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतू जिलेटिनवर वाढवत, आणि उबेच्या पेटीत जिलेटिन पाणी होऊन जाई. तिथे काम करणाऱ्या वाल्टर हेसे यांची पत्नी फॅनी घरी जेली अगारची करायची. तिने ते सुचवलं आणि 1882 पासून जगभरच्या प्रयोगशाळांत अगार आलं. जेलीने विज्ञानाला केलेली ही मदत मी प्रत्येक नव्या मुलाला ऐकवतो, त्यांना आवडो न आवडो.

खाणाऱ्याच्या दृष्टीने मात्र अगार जिभेवर विरघळत नाही, तुटतं. म्हणून ते आणखी मऊ ठेवा. लिटरला 5 ते 6 ग्रॅम पूड पुरे. आंबट रस अगारबरोबर उकळू नका, आंबटपणात उकळल्याने ते कमजोर पडतं. थोड्या पाण्यात अगार उकळा आणि कोमट केलेला रस त्यात ओता. रस फ्रिजमधला गार असेल तर ओतताक्षणी गुठळ्या होतात. एक फायदाही आहे: अगार प्रथिन नसल्यामुळे कच्चा अननस त्याचं काही बिघडवू शकत नाही. तुम्हाला अननस हवाच असेल तर तो या ग्लासांत घाला.

शाकाहारी ग्लासांसाठी भांडी आणि चमचे वेगळे ठेवा, ग्लासही दिसायला वेगळे घ्या. विचारण्याची वाट न बघता कुठल्या ग्लासात काय आहे ते सांगा. शाकाहारी माणसं निम्म्याहून जास्त असती तर मी सगळंच अगारमध्ये करायला सांगितलं असतं. खोली 27-28 अंशांच्या वर असेल आणि ग्लास तासभर टेबलावर राहणार असतील, तरीही तेच. कोंजॅकच्या (एका कंदाच्या पिठापासून जमवलेल्या चिवट जेलीच्या) छोट्या कपांच्या वाटेला मात्र जाऊ नका, विशेषतः लहान मुलं असतील तर. ती जेली घशात अडकून मुलं दगावल्याचे प्रकार झाले आणि युरोपीय संघाने अशा कपांवर बंदी घातली.

चवीबद्दल दोनच गोष्टी. थंडीत गोडी कमी लागते, म्हणून मिश्रण चाखायचं ते गार करून. कोमट असताना बरोबर वाटलं तर जेली मिळमिळीत होणार. आणि चिमूटभर मीठ, थोडं लिंबू, हे शेवटी घालाच.

माझ्या मते तुमचा बेत असा असावा. 24 ग्लास जिलेटिनचे, प्रत्येकी 100 मिली. म्हणजे 2.4 लिटर मिश्रण, 24 ग्रॅम जिलेटिन. सात ग्लास अगारचे, 700 मिलीला 4 ग्रॅम. आणि एक लिटरची एक जेली साच्यात, 17 ग्रॅमची, खास आईसाठी, अख्खी टेबलावर आणायला. जिलेटिन त्याच्या पाचपट गार पाण्यात दहा मिनिटं भिजवून फुलू द्या (हे पाणी एकूण मापातच धरा). रसाचा चौथा हिस्साच तापवा, बोट जेमतेम सोसेल इतका, त्यात जिलेटिन विरघळवा आणि उरलेल्या गार रसात मिसळा. सगळा रस तापवला की ताजेपणा गेलाच. जिलेटिन उकळू मात्र कधीच नका. वर फेस आला तर गरम चमच्याची पाठ फिरवा, बुडबुडे फुटतात. फळांच्या फोडी तळाशी जाऊ नयेत असं वाटत असेल तर मिश्रण अंड्याच्या पांढऱ्याइतकं दाट होईपर्यंत थांबा आणि मग सोडा.

हे सगळं आदल्या दिवशी दुपारी करा. ग्लास चार-पाच तासांत जमतात, पण साचा रात्रभर ठेवा. जेली दुसऱ्या दिवसापर्यंत घट्ट होतच राहते, म्हणून पहिल्या चार तासांत सैल वाटली तरी घाबरून पुन्हा जिलेटिन घालायला जाऊ नका. लवकर जमावी म्हणून फ्रीझरमध्येही नको, जाळं फाटतं आणि पाणी सुटतं.

साच्यातून काढताना ओल्या बोटाने कडेची जेली हलकेच आत ओढा, म्हणजे हवा शिरेल. साचा कोमट पाण्यात पाच-सहा सेकंद बुडवा, मोजून. ताटली आधी ओली करून घ्या. जेली मधोमध पडली नाही तर ओल्या ताटलीवर ती सरकवता येते, कोरड्यावर चिकटून बसते. उलटी करून एक हलका झटका द्या आणि थांबा. आतून 'फच्च' असा आवाज येईल, तेव्हाच साचा उचला. मग ताटली जरा हलवून बघा. जेली डुलून एक-दोन सेकंद स्वतःच्या लयीत थरथरत राहिली तर घट्टपणा बरोबर साधलाय, तशीच आईपुढे न्या.